सोडणं

इकडे नारळाच्या सालांना सोडणं म्हणतात.
हे मला वहीच्या तिसऱ्या पानावर कळलं.
आधीच्या दोन पानांवर मी
'नमुना अ', 'नमुना ब' लिहीत बसले होते.

कोळंबच्या खाडीत, कांदळाच्या मुळांपाशी
आवडू हडकरणीची कोंड.
जाळ्यात बांधून, वर चिखल, त्यावर जांभ्याचे चिरे,
तीन हजार सोडणं सात महिने बुडालेली.
पाणी आधी कोऱ्या चहाचं, मग शाईचं.
वास असा, की परतताना रिक्षावाल्याने
माझी पिशवी टपावर बांधायला लावली.
"वास इलो म्हणजे काम चालू आसा," आवडू म्हणाली,
"वास नाय इलो तर माका झोप नाय लागत."

शिशाच्या क्षाराची पट्टी बाटलीतून काढेपर्यंत
बोटातली चांदीची अंगठी काळवंडलेली.
लिहिलं : गंधकाचा वायू, भरपूर.
ती हसली, पाण्यातून पाय वर काढून दाखवला.
जोडवी. लग्नाला तेवीस वर्षं,
चांदीची आहेत हे तिला सांगावं लागतं.

खाली, अंधारात, हवा नसलेल्या जागी
दात नसलेली तोंडं
धाग्याला धागा चिकटवणारा डिंक खातात,
धाग्याला हात लावत नाहीत.
याला त्यांना सात महिने लागतात.
मला प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता.

म्हणून मी बुरशी आणली.
फणसाच्या कुजक्या ओंडक्यावरून खरवडलेली,
काचेच्या बशीत वाढवलेली,
सशाच्या कानासारखी पांढरी, मऊ.
निळं पिंप, तिची चाळीस सोडणं, माझी बुरशी.
विसाव्या दिवशी धागे सुटले.
सोनेरी. वास नाही.
मी तिथूनच कॉलेजला फोन लावला.

आवडूने पुंजका उचलला, मांडीवर वळला,
दोन मुठींत धरून ओढला.
आवाजसुद्धा झाला नाही.
"डिंक खाल्ल्यान, मगे काथो पण खाल्ल्यान.
तेका थांब म्हणून कोण सांगतलो?"

वहीत याला रकाना नव्हता.

सगुण, तिचा नवरा, तेव्हा माडावर होता.
उतरल्यावर त्याने मडकं माझ्यापुढे तिरकं केलं :
आतून चुन्याचा हात फिरवलेला.
चुना असला तर रस संध्याकाळपर्यंत गोड.
नसला तर दुपारी फेस, रात्री भांडण,
आठवड्याने शिर्का,
मग त्याला कार्मेलीनच बाटल्या घेऊन येते.
एवढं सांगून तो दुसऱ्या माडाकडे गेला.

दुसऱ्या पिंपात चौदाव्या दिवशी
मी चुन्याची निवळी ओतली.
लाल लिटमस निळा झाला, बुरशी थबकली.
सगळी नाही.
तळाच्या चार सोडणांत ती
काही ऐकू न आल्यासारखी जेवत राहिली.

मग वजनं टांगली.
तिच्या कोंडीतला सुंभ एकोणीस किलोला तुटला,
माझा अकराला.
सरांनी अकराखाली हिरवी रेघ ओढून लिहिलं, 'आशादायक'.
आवडूला आकडा सांगितला तेव्हा ती
विहिरीवर कळशी सोडत होती.
"भरलेली कळशी चौदा किलो होता गो,"
ती म्हणाली, आणि दोर ओढत राहिली.

तळातलं एक सोडण
मी स्टीलच्या डब्यात घालून हॉस्टेलवर आणलंय.
आज सकाळी झाकण
एका बाजूने बोटभर वर उचललेलं होतं,
फटीतून पांढरं काहीतरी बाहेर बघत होतं.
चुन्याची पुडी टेबलावरच होती.
मी वेळ लिहिली : सहा वाजून दहा मिनिटं.