वात

अल घैलला दुपारी खाणीचा भोंगा होतो,
मग दोन मिनिटं काहीच नाही,
मग डोंगर खोकतो.
फळीवरचे पाने किणकिणतात.
शेर जमान वेल्डिंगचा मुखवटा वर करून म्हणतो,
गेला आणखी एक तुकडा.
मी लॅपटॉपवरून मान उचलत नाही.
हा आवाज मी पाळण्यात ऐकलाय.

बाप मोशीच्या खाणीत सुरुंग लावायचा.
पहारीनं भोक, भोकात दारू, दारूत वात,
आणि वात किती ते श्वासांवर मोजायचा:
चाळीस श्वासांत बाभळीमागं पोचता येतं.
मुकादम वात फुटावर मोजून द्यायचा.
हणमंतानं एकदा वीतभर वाचवली.
वाचलेली वात त्याच्या खिशात सापडली.

खलफानची पॅट्रोल रोलरवर बांधलीय,
चारी बाजूंनी पट्टे, माजलेल्या वळूसारखी.
सहा सिलिंडर, अठ्ठेचाळीसशे सीसी,
टर्बो एवढा की तोंडात कलिंगड बसेल.
पडद्यावर सोळा बाय सोळा घरं,
आडवे आरपीएम, उभा दाब,
प्रत्येक घरात एकच प्रश्न:
ठिणगी किती आधी?

आधीच. पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी.
आग म्हटली की लगेच आग होत नाही,
तिला पसरायला वेळ लागतो,
तेवढी वात सोडायची.
चौदा अंश.
जास्त घाई केली तर तो अजून वर चढतोय
आणि स्फोट वरून त्याच्या डोक्यात.

पेट्रोलचं वेगळं.
आमच्याकडे लीन व्हावं म्हणतात,
देवापुढं, मोठ्यांपुढं.
इथं मिश्रण लीन झालं
की पिस्टनला रुपयाएवढं भोक.
म्हणून दाब चढला की मी जास्तच ओततो,
लॅम्डा अठ्ठ्याहत्तरवर,
जळायला नाही, गार ठेवायला.
पैसा असाही वापरता येतो
हे मला या देशात येऊन
पेट्रोलकडूनच कळलं.

खलफान खजूर चघळत मागं उभा.
वय बावीस, चपला माझ्या पगाराच्या.
'दो डिग्री और, उस्ताद.
लिवात सगळे येणारेत.'
आत ओढलेली हवा बावन्न अंशांवर,
बाहेरची सांगत नाही.

दोन दिले.
कानावर हेडफोन, ब्लॉकला चिकटवलेली तार.
साडेचार हजारांना गर्जना,
पाच हजार, एक पॉइंट चार बार,
आणि त्या सगळ्या गोंधळात
एकच टिक.
वाटीत खडा पडावा तसा.
खलफाननं ऐकला नाही.
शेर जमाननंही नाही.
मी पाय काढला.

साडेतीन अंश मागं घेतले.
दोन त्याचे, दीड माझा.
तो चिडला, अरबीत काहीतरी म्हणाला,
त्यात माझं नाव होतं आणि गाढव होतं.
म्हटलं, घोडे अकरा कमी होतील,
इंजिन तुझंच राहील.
पैसे त्यानं बोनेटवर ठेवले, हातात दिले नाहीत.

रात्री बापाला व्हिडिओ लावला.
त्याचे दोन्ही कान खाणीनं घेतलेत, वीस वर्षं झाली.
माझी भाकरी कानांवर चालते
हे त्याला कसं सांगावं
मला अजून जमलेलं नाही.
रोलरवरची गाडी दाखवली:
चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही,
तो हसला.
मग फोन जवळ घेऊन
तर्जनी आणि अंगठा ताणून विचारलं,
एवढी?

मी बोटं ताणून दाखवली.
त्यानं मान हलवली. नाही.
अजून थोडी.