शिरदोणला, तीननंतर

तीननंतर झुआरीचा वारा
एका शब्दावर राहत नाही.
मी पाण्यात उताणी, टाचा फळीवर,
शीड पाणी पिऊन जड.
"उचलू नको," कायतान होडीतून ओरडतो,
"एक कोपरा सुटू दे. बाकीचें वारो करतलो."

सतरा वेळा पडले.
नाकात खारा चिखल, पोटरीवर कालवांचा ओरखडा.
एक बार्ज गेला आणि त्याच्या लाटेवर
फळी मला सोडून निघालीच होती.

अठराव्यांदा मी दमले होते, एवढंच.
हात नुसते वर राहिले,
दोरी शोधत ओली चादर धरावी तसे.

चादर भरली.
गुडघे पोटाशी, मग सरळ,
पायांखाली फळी, फळीखाली
एवढी मोठी नदी.

कायतान गप्प.
तो बघतोय का, हे बघायला वळले
आणि पडले.