हरभऱ्याएवढी

मस्कतला, गुब्राच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
मी सिलिकॉनचे स्तन ओततो.
घरी फोनवर सांगतो : मेडिकलचं सामान.

पेणला गणपतीचे साचे धरायचो.
तिथे शेवटी डोळे आखायचे,
इथे शेवटी गाठ लपवायची.
कागदावर लिहून येतं, कुठे, किती खोल, केवढी.
चरबीचा थर मऊ, कातडीचा ताणणारा,
गाठीचं मिश्रण जरा कडक घोटायचं,
बोटाखालून निसटेल न निसटेल असं.

गेल्या रविवारी कागद कोरा आला.
"तुझ्या मनाने ठेव, उस्ताद," झुवैना मॅडम म्हणाल्या.
मी डावीकडे ठेवली, काखेच्या वळणाआड.
वहिनीने आठ महिने तिथेच ठेवली होती,
"दुखत नाही ना, मग कशाला" म्हणत.

बाहेर बेचाळीस डिग्री, आत बोटं गारठलेली.
चार जण चाचपून गेले : काही नाही.
मग डॉक्टर रय्या आली.
तळहात एकमेकांवर घासून ऊन केले
आणि रबराला अरबीत विचारलं, हात लावू का?
पोरं हसली. मी काचेमागे होतो.

तिची बोटं काखेपाशी थांबली.
पुढे गेली.
परत आली.

संध्याकाळी ट्रे आला धुवायला.
टाके सात, जवळजवळ,
एक जरा वाकडा.
तो मी अजून टाकलेला नाही.
खोलीवर आहे, पिठाच्या डब्यामागे.
बशीर विचारतो, काय रे हे?
मेडिकलचं सामान.