प्रत

व्हर्लिनचं पार्सल न उघडताच ओळखू येतं.
चिकटपट्टी अशी मारलेली, जणू आत दूध आहे
आणि टपालखातं म्हणजे मांजर.
पुठ्ठ्याचे तीन थर, मधे त्याच्या गावचं वर्तमानपत्र:
चर्चमध्ये शुक्रवारी तळलेले मासे,
हरवलाय एक कुत्रा, 'डीकन' म्हटलं की येतो,
बर्फ ढकलायचं यंत्र विकणे आहे, पाठीमुळे.

सहा वर्षं झाली, आम्ही भेटलेलो नाही.
टोलेडोपासून त्याचं गाव गाडीनं चार तास
आणि दर खेपेला आणखी एक वर्ष.

माणूस सगळ्याचीच प्रत ठरवतो.
हवा: उत्तम, सुरुवातीला किंचित खरखर.
गुडघे: चालतील, कडा झिजलेल्या.
जावई: कव्हर चकचकीत, अजून वाजवून पाहिलेला नाही.
मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझ्या इंग्रजीला
त्यानं 'जवळजवळ नवी' असा शेरा दिला.
त्या रात्री लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघताना
मी उगीचच गालात हसत होते.

रात्रपाळी संपवून सातला घरी,
बूट काढायच्या आधी एक बाजू लावते.
पलीकडचे कोवाल्स्की भिंत ठोकतात,
तेही पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर,
म्हणून तर कळतं, साथ नव्हे, राग.
आई फोनवर विचारते, एवढ्यात किती ग्रॅम आलं असतं?
तिला मी भाव निम्माच सांगते.
तरी तिचा श्वास ऐकू येतो.

या खेपेला पार्सल हलकं. एकच रेकॉर्ड.
हीच ती, जी तो माझ्या जन्माआधीपासून शोधत होता:
एकोणीसशे अठ्ठावन्न, डॉर स्ट्रीटवरचा एक क्लब,
चार वादक, एक माइक.
दुसरी बाजू, तिसरी चीज.
बासवाला एकटाच चालत असताना
वेट्रेसच्या हातून तबक पडतं.
पुढच्या खेपांत कंपनीनं ते कापून टाकलं.
पहिल्या तीनशे तबकड्यांत ते तबक अजून पडतं.

मला वाटायचं, हौस. आम्हां सगळ्यांनाच असते,
कुणी चुकलेलं लेबल शोधतं, कुणी उलटा छापलेला फोटो.

सोबत चिठ्ठी, वीजबिलाच्या पाठीवर:
"कोपर माझं लागलं होतं. एकोणीस वर्षांचा होतो,
टाळी द्यायला हात उचलला, नको तेव्हा.
ग्लासांचे पैसे तिच्या पगारातून गेले, हे नंतर कळलं.
मी सॉरी म्हणालो होतो, असं मला आजवर वाटत आलंय.
आता डावा कान संपला, उजवा खरखरतो.
तुझी सुई चांगली आहे. ऐकून सांग."

तिचं नाव त्याला माहीत नाही.
क्लब होता तिथे आता गवत आहे, बारीक कापलेलं.
कामावर जाताना मी रोज त्याच्या शेजारून जाते
आणि मला कधी काही ऐकू आलेलं नाही.

रविवारी पडदे ओढून बसले.
बास चार पावलं जातो, पाचव्याला
तबक.
काचा, माझ्या मोजणीनं पाच.
एक बाई तिच्या भाषेतलं 'अगं बाई' म्हणते,
कुणी हसतं, ड्रमवाला झांजेवर हलकेच थापटून
ते सगळं तालात ओढून घेतो,
आणि मग, टाळ्यांच्या अगदी आधी,
एक आवाज. दोन अक्षरांचा.
पुरुषाचा असेल.
खाचेत बसलेली धूळही असेल. इतकी जुनी धूळ
दोन अक्षरं सहज बोलते.

अकरा वेळा सुई मागे नेली.
कोवाल्स्कींनी भिंत ठोकली नाही.

नियम आम्हांला पाठ आहे:
आलेली रेकॉर्ड आधी धुवायची,
मगच प्रत ठरवायची.
मऊ ब्रश आहे, गाळलेलं पाणी आहे,
सिंकजवळ टॉवेल पसरून ठेवलाय बुधवारपासून.

व्हर्लिनला लिहिलं: तबक स्पष्ट. काचा पाच.
पुढचं अजून ऐकतेय.

रेकॉर्ड कोरडीच आहे.