रतलभर

रतलभर लोणी, रतलभर मैदा,
अंडी अंदाजानं. डेल्फीनला काटा लागत नाही.
साखर मात्र आज निम्मीच,
फळीवर शेवटची बाटली आहे ना.
चिठ्ठीवर पेन्सिलीनं: मार्च, विहिरीजवळचा मेपल.
चाळीस बादल्या रस आटून
एवढासा पाक.

ऑगस्टच्या वादळात तो मेपल पडला.
त्याचीच ढलपी चुलीत आता,
ओली अजून, फुसफुसणारी.
वरच्या कप्प्यात केक
मधोमध उकलतोय.

शेजारचा थर्लो शिडी परत द्यायला आला.
चिखलाचे बूट, म्हणून उंबऱ्यातच उभा.
पहिला घास. मग बराच वेळ
विहिरीकडे पाहत राहिला.
"कुंपणाजवळचा अजून बारीक आहे," म्हणाला,
"चार-पाच वर्षं तरी थांबावं लागेल."

डेल्फीननं दुसरा काप कापला.
जाड.