उपटायची ओळ

भिंत आणि कंपाउंडच्या मधे
सात फूट बाय तीन.
घर बांधताना गवंड्यानं इथंच सिमेंट कालवलं,
अजून खुरपं मारलं की टणकन वाजतं.
उचगावात याहून जास्त जमीन
माझ्या नावावर होईल असं वाटत नाही.

पौष सरत आलाय.
शिरोलीतनं रात्रपाळी करून येताना
हँडलवर बोटं गारठून वाकडी होतात,
कुठल्यातरी काहिलीचा गोड वास
हेल्मेटात शिरून घरापर्यंत येतो.

फौंड्रीत मी पाळीभर वाळूच हाताळतो.
काळी, तेल प्यालेली, जळकी.
तिच्यात साचा बसतो, लोखंड बसतं,
बी बसत नाही.
नखातनं ती जात नाही म्हणून दीपाली म्हणते,
त्या हातानं पोराला भरवू नका.
माती मात्र कालवा म्हणते.

शर्विल एक वर्ष दहा महिन्यांचा.
त्यानं लागण केव्हाच उरकलीय:
खारकेची बी, शर्टाचं बटण,
आईची केसाची क्लिप,
आणि माझ्या गाडीची दुसरी किल्ली,
जी आम्ही संक्रांतीपासून शोधत होतो.
सकाळी दुधाच्या पेल्यानं पाणी घालतो,
उकिडवा बसून बघतो.
"आलं?"
"नाही."
"आलं?"
"उद्या."

चूक माझीच. उद्या म्हणायला नको होतं.
तेव्हापासून फाटकाचे गज धरून उभा असतो
उद्याची वाट बघत.
उसाची ट्रॉली येते डुलत,
कर्ण्यावर गाणं, मागं एखादा ऊस सांडलेला.
हा ओरडतो: उद्याऽऽ!
ड्रायव्हर हात करतो.
असा उद्या रोज आमच्या दारावरनं जातो
कारखान्याकडं.
थांबत नाही.

आक्काताईंनी बियाणं दिलंय,
जुन्या पातळाच्या चिंधीत तीन गाठी.
एकीत दोडका, एकीत वाळूक,
तिसरीत काय, त्यांनाही आठवत नाही.
"लावा आणि बघा," म्हणाल्या,
"पण थंडी शिव शिव म्हणत जाऊ दे आधी.
गारठ्यात बी झोपतंय.
उठवलं की रुसतंय."

मला थांबता येतं, कामच ते आहे.
साचा गरम असताना फोडला
तर कास्टिंगला भेग जाते.
नवीन पोरं घाई करतात, शिव्या खातात.
मीही खाल्ल्यात.

शर्विलला हे कसं सांगायचं?
तो कोंब उपटणार,
खाली काय आहे ते बघायला.
मुळं धुऊन आणून देणार,
परत लावायला नेणार, उलटं.
म्हणून वहीच्या मागच्या पानावर वाफा आखलाय:
भिंतीकडं दोडका, वर तार.
कोपऱ्यात तिसऱ्या गाठीतलं कायबाय.
आणि पुढं, त्याच्या हाताशी,
मेथीची एक ओळ
निव्वळ उपटायला.

दीपाली हसली.
"पहिल्यांदाच रिजेक्शन धरून हिशोब केलासा."

लक्ष्मीपुरीत खुरपं मिळालं,
लहान मुठीचं नाही मिळालं.
पॅटर्नशॉपमधल्या बाबालालनं
उरल्यासुरल्या सागाची
बोटभर मूठ करून दिली.
पातं अजून बसवलेलं नाही.
शर्विल ती मूठ घेऊन झोपतो.

शिवरात्र होईल. कारखान्याचा पट्टा पडेल.
एके दिवशी ट्रॉल्या यायच्या बंद होतील,
हा फाटकाशी उभा, रस्ता रिकामा.
तेव्हा त्याला उचलून मागं न्यायचं,
ओल्या मातीशी बसवायचं,
आणि काही बोलायचं नाही.

आत्ता साडेपाच. आत सगळे झोपलेत.
बुटातली वाळू कंपाउंडबाहेर झटकतोय
तर वाफ्याच्या कडेला काहीतरी चमकलं.
चमचा. पोह्यांचा.
दांड्यापर्यंत पेरलाय, चांगला खोल.

काढायला वाकलो होतो.
मग बोटानं थोडी माती सारली वर,
आणि आत गेलो.