नळी उभी असताना

द्वारका चौकात पुलाखाली ट्रकनं गिअर बदलला
की माझ्या टेबलाला कळतं.
म्हणून स्टँडखाली जुनी रबरी चप्पल कापून ठेवलीय,
डावी. उजवी कुठं गेली आठवत नाही.

नळी सरळ उभी लागते. जरा कलली
की रक्त घाईनं खाली बसतं
आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी होतो.
पंखा बंद, पडदा ओढलेला,
एक तास.
वर पिवळं पाणी सुटत जातं, खाली लाल बसत जातं,
तुरटी फिरवलेल्या गढूळ बादलीसारखं.
जितकं भराभर बसेल तितकी आत सूज.
कुठं, ते नळी सांगत नाही.
पाणी मुरतंय एवढंच म्हणते, भिंत दाखवत नाही.

सत्तर रुपये.

कौसल्या गांगुर्डे पिंपळगावहून आली.
द्राक्षांच्या पॅकहाऊसात पेट्या भरते,
सकाळी बोटं वळत नाहीत,
लेकीची वेणी आता लेकच घालते.
"औषध राहू द्या," म्हणाली, "कागद द्या.
सुपरवायझर म्हणतो नाटकं.
घरचे म्हणतात गारठ्याचं आहे.
आकडा असला म्हणजे..."
पुढं बोलली नाही.
मग तासभर बोलली.
कोणत्या बोटापासून सुरू झालं,
दुधाचं पातेलं कधी सुटलं हातातून,
कोण काय म्हणालं तेव्हा.

अठ्ठ्याऐंशी.
विसाच्या आत लागतो.
तिनं कागद वाचला, चार घड्या घातल्या,
ब्लाऊजात ठेवला आणि हसली.
आजार निघाला म्हणून हसणारं माणूस
मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता.
आता येत नाही.

आता कार्ड आलंय.
बोटाला टोचा, रक्ताचा एक थेंब,
बाटलीतले दोन, आणि आठ मिनिटं.
वरची रेघ यायलाच हवी, ती कार्डाची स्वतःची हजेरी.
खालची आली तर सूज.
हरसूलहून रात्री साडेदहाला झोळीत आणलेलं पोर
मी विसरणार नाही,
चौथ्या मिनिटालाच खालची रेघ वरचीपेक्षा गडद,
डॉक्टर चिठ्ठी लिहीत लिहीतच जिना उतरले.
त्या रात्री मी तास लावून बसले असते तर.
तेव्हा कार्डाला नावं ठेवायची नाहीत,
हे मी स्वतःला बजावलंय.

पण आठ मिनिटांत माणूस काय सांगणार?
फोनवर अंगठा फिरवतो, रेघ बघतो, जातो.
"फिकट आहे, म्हणजे थोडंच ना, ताई?"
फिकट म्हणजेही होयच असतं.
हे मी दिवसातून तीनदा सांगते.

आणि यशवंत अहिरराव.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर, नाशिकरोडला फ्लॅट.
आठ वर्षं गुडघे, खांदे, मनगटं.
कार्ड कोरं.
महिन्यानं पुन्हा कोरं.
आज तिसऱ्यांदा कोरं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला,
"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

जन्मभर खऱ्या नोटा मोजलेला माणूस.

मी सांगू शकले असते
की कार्डाला सगळ्याच कळा दिसत नाहीत,
डॉक्टरांकडं पुन्हा जा, वेगळी तपासणी सांगतील.
सांगितलंही. ते मान हलवत राहिले,
बिल मागण्यासाठी हलवतात तशी.

मग म्हटलं, "काका, नळीवर करून बघू.
कार्डं संपलीत."
ड्रॉवर अर्धा उघडा होता,
आतली पांढरी पाकिटं त्यांनी पाहिली, मीही पाहिली.
"तास लागेल," मी म्हटलं.

शिरेतून रक्त घेतलं, नळीत चढवलं,
स्टँड चपलेवर नीट बसवला,
पंखा बंद केला.
ते बाकावर जरा सरकून बसले,
कुणाला तरी जागा करून द्यावी तसे,
आणि सुरुवात केली ती थेट एकोणऐंशी सालापासून.

तास कमी पडणार, हे मला तेव्हाच कळलं.